डिझेलची छोटी गाडी आणि ॲव्हरेजचा हिशेब

मागील दोन अंकांनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच प्रकारच्या गाडीविषयी आहेत. कंपन्या निरनिराळ्या, रंग निरनिराळे, पण गाडी तीच : चार मीटरच्या आत बसणारी, सव्वा ते दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची हॅचबॅक. १९९८ च्या अखेरीस पिंपरीहून इंडिका आली तेव्हा डिझेलवर चालणारी छोटी घरगुती गाडी ही गोष्टच आपल्याकडे नवी होती. पुढे फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा वेगवेगळ्या घरच्या गाड्यांत जाऊन बसले, आणि २०१२ च्या सुमारास पेट्रोल व डिझेल यांच्या भावांत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचे अंतर पडल्यावर ज्यांचे महिन्याचे धावणे जेमतेम तीनशे किलोमीटर होते त्यांनीही डिझेलच घेतले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाली आणि मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, बहुतेक सुस्थितीत आहेत, आणि त्यांच्या मालकांचा पहिला प्रश्न आजही तोच आहे : ॲव्हरेज, म्हणजे लिटरला किती किलोमीटर?

प्रश्न : माझ्याकडे १.३ लिटर डिझेल इंजिनाची २०१४ सालची हॅचबॅक आहे. घेताना कागदावर लिटरला २५ किलोमीटर असे लिहिले होते. मला पुण्यात १४ ते १५ मिळतात. सकाळी मुलीला शाळेत सोडणे, म्हणजे चार किलोमीटर जाऊन येणे, आणि आठवड्यातून तीन दिवस सिंहगड रस्त्यावरून शिवाजीनगरला कार्यालयात, एवढाच वापर आहे. गाडीत दोष आहे की कागदावरचा आकडाच खोटा आहे? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्हीही नाही. कागदावरचा आकडा खरा आहे, मात्र तो आपल्या रस्त्याचा नाही. आपण पुण्यात राहता, तेव्हा वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आपल्याला ठाऊक असेलच. ज्या चाचणीतून असा आकडा निघतो तिच्यात गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. ती फिरत्या रोलरांवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात आणि चालक पडद्यावर दिसणाऱ्या वेगाच्या आलेखाबरहुकूम गाडी चालवतो. हा सारा प्रकार सुमारे वीस मिनिटांचा असतो, त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि अर्थातच समोरून आडवा येणारा रिक्षावाला नसतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी हा आकडा उत्तम आहे. महिन्याचा खर्च त्यावर बेतला तर मात्र निराशा ठरलेली.

आता आपल्या रस्त्याचा हिशेब करू. सिंहगड रस्त्यावरून शिवाजीनगरपर्यंतचे अंतर सोयीसाठी दहा किलोमीटर धरा. रविवारी सकाळी साडेसहाला हे अंतर पंचवीस मिनिटांत कापले जाते आणि आपली गाडी लिटरला वीस किलोमीटर सहज देते, म्हणजे अर्धा लिटर डिझेल लागते. सोमवारी सायंकाळी त्याच रस्त्यावर गाडी एकूण वीस मिनिटे नुसती उभी असते. असे छोटे डिझेल इंजिन जागच्या जागी चालू राहिले तर तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल जाळते. वीस मिनिटांचे सुमारे १७० मिलिलिटर झाले. अर्ध्या लिटरचे ६७० मिलिलिटर झाले की ॲव्हरेज वीसवरून पंधरावर येते. यात एसी धरलेला नाही, पुन्हापुन्हा उचलण्यात जाणारे डिझेलही धरलेले नाही. आपला १४-१५ हा आकडा असा कोणत्याही दोषाविना तयार होतो. सिग्नल मिनिटाभराहून लांबचा आहे हे आकड्यांवरून दिसत असेल तर इंजिन बंद करावे. बॅटरी चांगली असेल तर त्यात काही बिघडत नाही.

शाळेची फेरी ही खरी उधळपट्टी आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डिझेल इंजिन इंधनातली उष्णता पेट्रोल इंजिनापेक्षा कमी वाया घालवते, त्यामुळे ते तापायलाही वेळ घेते. डिसेंबरच्या सकाळी तापमानाचा काटा आपल्या जागेवर यायला सहा-आठ किलोमीटर सहज लागतात. चार किलोमीटरवर शाळा आली, इंजिन बंद झाले, म्हणजे थंड आणि घट्ट ऑइलात फिरणाऱ्या इंजिनाचेच प्रवास आपण रोज करत आहात. यावर घरासमोर पाच मिनिटे गाडी नुसती सुरू ठेवण्याचा जुना उपाय काही जण सुचवतील. तो करू नका. डिझेल इंजिन उभ्या जागी फारसे तापतच नाही, फक्त धूर होतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. गाडी सुरू करावी, अर्ध्या मिनिटात निघावे, आणि पहिले तीन-चार किलोमीटर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा अडीच हजारांच्या खाली ठेवावा. शाळेतून परस्पर भाजी, बँक, दूध अशी कामे एका फेरीत उरकली तर तापलेल्या इंजिनाचा फायदा मिळतो. आणि शक्य असेल तर शाळेसाठी स्कूटर काढावी. असे लिहिल्याने काही वाचक रुसतात, पण चार किलोमीटरसाठी एक टन वजनाचे डिझेल वाहन हे समीकरण मला कधीच पटलेले नाही.

प्रश्न : डॅशबोर्डवरचा पडदा लिटरला २१ दाखवतो. पंपावर भरलेल्या डिझेलावरून काढले तर कधी १८, कधी २० येते. खरे कोणाचे मानावे? पंपावर मापात मारतात की काय, अशीही शंका येते. — एक वाचक, सांगली

उत्तर : पंपाच्या पावतीवरून काढलेला आकडा मानावा, पण तो नीट काढावा. पडद्यावरचा आकडा इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीच्या संगणकाने केलेला अंदाज असतो आणि तो बहुतेक गाड्यांत थोडा मालकाच्या मनासारखा येतो. त्याचा उपयोग आजची फेरी कालच्यापेक्षा बरी झाली की वाईट, एवढे पाहण्यापुरता.

आपले आकडे १८ आणि २० असे झुलतात, त्याचे कारण बहुधा फेस हे आहे. डिझेल जोरात पडले की फेसाळते, पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक. नळीच्या गळ्याशी फेस पोहोचला की नोझल टक् करून आपोआप बंद होते. त्या क्षणी टाकीत अजून लिटर-दीड लिटरची जागा असते. पंपावरचा मुलगा क्षणभर थांबतो, फेस बसल्याचे पाहतो, पुन्हा खटका दाबतो, पुन्हा टक्, आणि मग हिशेब पूर्ण रुपयांत यावा म्हणून आणखी दोन वेळा. एका खेपेला तो पहिल्या टक्‌ला थांबला आणि दुसऱ्या खेपेला चौथ्याला, तर मधला फरक आपल्या ॲव्हरेजमध्ये जाऊन बसतो. चारशे किलोमीटरला वीस लिटर लागले तर ॲव्हरेज वीस. तेच साडेएकवीस लिटर भरले गेले तर १८.६. गाडी तीच, रस्ता तोच. म्हणून शक्यतो एकाच पंपावर, एकाच यंत्रावर, गाडी त्याच बाजूने उभी करून भरावे, हात हळू ठेवायला सांगावे आणि पहिल्या टक्‌ला थांबवावे. शेवटचे सुटे पैसे युपीआयने देता येतात, त्यासाठी टाकी गळ्यापर्यंत भरण्याची गरज उरलेली नाही. अशा चार टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हा आपल्या गाडीचा खरा आकडा. मी स्वतः ही नोंद दोनशे पानी वहीत ठेवतो. ती गाडीच्या कप्प्यात असते आणि तिच्यावर चहाचे डाग आहेत.

मापाविषयी शंका असेल तर मनात ठेवू नये. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात भरून दाखवणे पंपचालकाला बंधनकारक आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. तेवढा फरक आपल्या विरोधात गेला तरी २० चे १९.९ होतात, १८ होत नाहीत. पाचशे ऐवजी पाचशे दहाचे भरावे, भल्या पहाटे भरावे म्हणजे डिझेल दाट मिळते, हे सल्लेही याच जातीचे. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथे पहाट-दुपार यांत फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : आम्ही साताऱ्याला राहतो आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. माझे सासरे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, खंबाटकीलाही टाकतात. त्यांनी चाळीस वर्षे गाडी चालवली आहे, म्हणून मला स्पष्ट बोलता येत नाही. यात डिझेल खरोखर वाचते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सासऱ्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांची सवय ज्या गाडीवर लागली त्या गाडीपुरती ती अगदीच निराधार नव्हती. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन थोडे पेट्रोल ओढतच असे, आणि गिअरमध्ये असताना त्याचा वेग अधिक म्हणून ओढही अधिक. प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या पिढीने न्यूट्रलचा उपाय तिथूनच उचलला.

आपल्या आजच्या गाडीत मात्र हिशेब नेमका उलटा आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत, असे संगणकाच्या लक्षात आले की तो इंजेक्टर बंद करतो. त्या वेळी जळणारे डिझेल शून्य असते. न्यूट्रलमध्ये टाकताच चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, इंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा डिझेल सोडावे लागते. दहा मिनिटांच्या उताराला सुमारे ८० मिलिलिटर, म्हणजे आजच्या भावाने सात-साडेसात रुपये न्यूट्रलमध्ये जळतात आणि गिअरमध्ये काहीच जळत नाही. बचतीच्या नावाखाली खर्च, असा हा व्यवहार आहे. अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते, तिथे वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श ठेवावा.

पैशांहून गंभीर बाब ब्रेकची आहे. घाटात न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सतत दाबले की लायनर तापतात, तापल्यावर पकड कमी होते, आणि वळणावर पुढे कंटेनर दिसल्यावर पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. कोणी इंजिनच बंद करून उतरत असेल तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. तो प्रकार कोणीही, कधीही करू नये. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा ट्रकचालकांचा नियम छोट्या गाडीलाही लागू आहे. सासऱ्यांना सांगायचे कसे, हा या सदराचा विषय नव्हे, तरी एक सुचवतो. आपल्या गाडीत त्या क्षणीचे ॲव्हरेज दाखवणारा पडदा असेल तर त्यांना उतारावर तो फक्त पाहायला सांगावा. गिअरमध्ये असताना आकडा वर जाऊन टेकतो आणि न्यूट्रलमध्ये टाकताच खाली येतो. चाळीस वर्षे गाडी चालवलेला माणूस सुनेचे ऐकणार नाही कदाचित, काट्याचे ऐकतो.

प्रश्न : मी नुकतीच जुनी डिझेल हॅचबॅक घेतली आहे आणि रोज घोडबंदर रस्त्याने जाते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, जितका वरचा गिअर तितके इंधन कमी, असे शिकवले होते. पण ३० च्या वेगाला चौथा टाकला की गाडी हादरते आणि पिकअपच मिळत नाही. रांगेत तर क्लचवरचा पाय उचलताच येत नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : शिकवलेले सूत्र चुकीचे नाही, अर्धे आहे. वरचा गिअर म्हणजे कमी डिझेल, हे इंजिन सुखाने ओढत आहे तोवरच खरे. या छोट्या इंजिनांचा जोर टर्बोवर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, अवलंबून असतो आणि टर्बो फिरायला एक्झॉस्टचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा, दाब लागतो. १.३ लिटरच्या ज्या इंजिनाचा वर उल्लेख केला त्याचा १९० न्यूटन-मीटरचा पूर्ण जोर २००० आरपीएमला मिळतो. दीड हजारांच्या खाली ते इंजिन केवळ सव्वा लिटरचे एक गरीब इंजिन असते. चौथ्या गिअरमध्ये ३० ला काटा हजाराच्या आसपास असतो. आपण ॲक्सिलरेटर दाबता, संगणक डिझेल सोडतो, पण ते नीट जाळायला पुरेशी हवा आत आलेली नसते. त्यामुळे गाडी हादरते, आरशात काळा धूर दिसतो, क्लच आणि गिअरबॉक्स दणके खातात आणि डिझेलही वाया जाते. सपाट रस्त्यावर काटा १५०० ते २२०० यांच्या दरम्यान ठेवावा, दोन हजारांच्या जवळ वरचा गिअर टाकावा, आणि काटा १३०० च्या खाली जाऊन गाडीला ओढायचे असेल तर निमूटपणे खालचा घ्यावा. ३० ला दुसरा किंवा तिसरा. काही दिवसांनी काट्याकडे पाहावे लागत नाही, आवाजावरून कळते. इंजिन घोगरे बोलू लागले की खालचा गिअर.

रांगेत चालताना डिझेलचा एक गुण आपल्या बाजूने असतो आणि पेट्रोलवरून आलेल्या चालकांना तो माहीत नसतो. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच सावकाश पूर्ण सोडावा आणि ॲक्सिलरेटरला पायच लावू नये. इंजिन बंद पडत नाही. संगणक आपोआप लागेल तेवढे डिझेल देऊन फेरे टिकवतो आणि गाडी माणसाच्या झपझप चालीने, ताशी सहा-सात किलोमीटरने, पुढे सरकत राहते. आपल्या आणि पुढच्या गाडीत एका गाडीइतके अंतर वाढू द्यावे, मग असे सरकत ते भरून काढावे. त्या फटीत कोणीतरी घुसेल, हे मान्य, ठाण्यात घुसणारच. दहा मिनिटांत दोन-तीन जण पुढे गेले म्हणून घरी पोहोचायला जो उशीर होतो तो मोजण्यासारखा नसतो, आणि क्लच मात्र वाचतो. अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरण्याची सवय असलेल्यांच्या क्लचप्लेटा तीस-चाळीस हजार किलोमीटरला जळालेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्याच बनावटीच्या गाडीची प्लेट सव्वा लाखाला शाबूत असलेलीही पाहिली आहे. प्लेट बदलण्याचा खर्च डिझेलच्या बचतीत मोजा, म्हणजे खरे ॲव्हरेज कळेल.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरहून नागपूरकडे जुन्या रस्त्याने जाताना माझी गाडी लिटरला २२ देत असे. समृद्धी महामार्गावर सिग्नल नाही, खड्डा नाही, सतत पाचवा गिअर, तरी १७ च मिळतात. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण वेग लिहिलेला नाही, पण तो आकड्यांतूनच दिसतो. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे आणि बहुतेक जण ती मर्यादा म्हणून न पाहता उद्दिष्ट म्हणून पाहतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १२० वर गेलात की वेग दीडपटही होत नाही, विरोध मात्र पावणेदोन पटींहून अधिक होतो. उंच छपराच्या छोट्या हॅचबॅकला तो अधिकच जाणवतो आणि पाचव्या गिअरमध्ये इंजिन तीन हजारांच्या आसपास ओरडत राहते.

तीनशे किलोमीटरचा टप्पा १२० ने अडीच तासांत होतो आणि ९५ ने सव्वातीन तासांना थोडे कमी. १७ च्या हिशेबाने साडेसतरा लिटर जातात, २२ च्या हिशेबाने साडेतेरा. म्हणजे चाळीस मिनिटांची किंमत चार लिटर डिझेल. ती द्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घाईवर आहे. टायरची हवा मात्र निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी असलीच पाहिजे. कमी हवेचा टायर त्या काँक्रीटवर तासन्‌तास तापणे धोक्याचे आहे, आणि ॲव्हरेजही खाते. थांबल्यावर लगेच हवा मोजली तर तापल्यामुळे आकडा तीन-चारने अधिक दिसतो. तेव्हा ती काढू नये. लांब धावेनंतर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे, टर्बोला निवायला तेवढे पुरते.

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल हॅचबॅक आहे. माझा दवाखाना घरापासून तीन किलोमीटर. दर दीड-दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तो घालवावा लागतो. ॲव्हरेजही घसरले आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : धुरातली काजळी अडवण्यासाठी बीएस-६ डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये एक गाळणी असते, डीपीएफ ती हीच. ती भरत आली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून तिचे तापमान सुमारे ६०० अंशांवर नेते आणि काजळी जाळून टाकते. या कामाला पंधरा-वीस मिनिटांची सलग, बऱ्या वेगाची धाव लागते. आपला प्रवास दहा मिनिटांत संपतो. गाडी जाळायला सुरुवात करते, आपण दवाखान्यापाशी किल्ली फिरवता, काम अर्धवट राहते; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ॲव्हरेज घसरते ते या वाया गेलेल्या डिझेलमुळे.

आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्गावर कागलच्या दिशेने अर्धा तास ६०-७० च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून, गाडी फिरवून आणावी. दिवा लागल्यावर तर हे लगेच करावे. दिवा चमकू लागला किंवा इंजिनाचा दिवाही सोबत लागला, तर मात्र धाव न काढता सर्व्हिस सेंटर गाठावे. आणखी एक गोष्ट दर पंधरवड्याला पाहावी : ऑइलची पट्टी. अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलात उतरते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर भरण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे. ही गाळणी काढून टाकून संगणक फसवून देणारे कारागीर आता गावोगावी भेटतात. ते बेकायदेशीर आहे, आणि वैद्यकीय व्यवसायातल्या माणसाला काजळी फुप्फुसात काय करते ते मी सांगायला नको.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. महिन्याला चारशे किलोमीटर गाडी चालते. ओळखीचे एक जण २०१६ ची डिझेल हॅचबॅक पेट्रोलपेक्षा एक लाख रुपये अधिक घेऊन देत आहेत, ॲव्हरेजमध्ये भरून निघेल म्हणतात. शिवाय दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते, हे खरे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या परिसराचा आहे. महाराष्ट्रात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर तपासणीत उतरल्यास पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पर्यावरण कर द्यावा लागतो.

हिशेब असा. पेट्रोल १०४ रुपये आणि शहरात लिटरला १६ किलोमीटर धरा, किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल ९१ आणि लिटरला २० धरा, साडेचार रुपयांच्या थोडे वर. किलोमीटरमागे एक रुपया पंच्याण्णव पैसे वाचतात. आपल्या वर्षाच्या ४,८०० किलोमीटरला हे नऊ हजार तीनशेसाठ रुपये झाले. लाख रुपये फिटायला दहा वर्षे आठ महिने लागतील, आणि तोवर गाडीची पंधरा वर्षे केव्हाच भरलेली असतील. मध्येच एखादा इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी संपते. आपण पेट्रोल घ्यावे.

प्रश्न : डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या, प्रीमियम डिझेल आणि टायरमध्ये नायट्रोजन यांनी ॲव्हरेज वाढते का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : वहीत दिसावे इतके नाही. नायट्रोजन असो वा साधी हवा, ती योग्य प्रमाणात असणे महत्त्वाचे. बाटलीचे पैसे वेळेवर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलण्यात घालावेत. चिपळूणसारख्या पावसाच्या गावात डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. त्याला खाली पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. ऑगस्टमध्ये एकदा मेकॅनिकला तो सैल करायला सांगावा आणि खाली काचेची बाटली धरावी. पाणी असेल तर ते तळाला वेगळे बसलेले दिसते.